हॉर्नचा डॉक्टर मी निवडणार

४ मार्च, सोमवार

पुन्हा चावला. ह्यांनाच! उजव्या हाताला, अंगठ्याखाली. टाके पडले.

मी स्वयंपाकघरात होते. आधी हॉर्नचा आवाज आला — भुंकणं नव्हे, तसलं घशातलं — आणि मग ह्यांचं "आई गं!" जन्मभर वाचनालयात बसून लोकांना 'शूऽऽ' करण्याचा पगार घेतलेला माणूस. तो ओरडला म्हणजे चांगलंच लागलं असणार. धावत गेले. हे पॅसेजमध्ये हात धरून उभे, आणि हॉर्न भिंतीला चिकटून थरथरत होता. चावणारा थरथरत होता! हे लेकीला फोनवर सांगितलं तर म्हणते, "आई, तू नक्की कुणाच्या बाजूने आहेस?"

बाजू कसली? घरात काय मॅच चाललीय?

दवाखान्यातून आल्यावर हे एवढंच बोलले — "आता पुरे." बाकीचं माझं मी समजून घ्यायचं. लग्न झाल्यापासून हेच.

पुरे म्हणजे काय पुरे? कुत्रा आहे तो, फुटलेला कप नाही. काहीतरी होत असेल त्याला. इतकी वर्षं माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून आलाय, शिकाऊ लोकांनी गचके दिले तरी हूं की चूं केलं नाही. तो उगाच चावेल? डॉक्टर शोधते. चांगला शोधते. आणि मीच शोधते!

५ मार्च, मंगळवार

डॉक्टर कसा निवडावा यावर आज सगळ्यांनी अक्कल पाजळली. लेक म्हणते मोठा बघ. शेजारीण म्हणते जवळचा बघ. हे काहीच म्हणत नाहीत, पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून पुस्तक वाचतात.

मी लोकांना गाडी शिकवते. माणूस सीटवर बसला की मला लगेच कळतं, हा चालवणार की ठोकणार. आरसा बघतो का, एवढंच पाहायचं. जो आपल्याच स्टिअरिंगकडे टक लावून बसतो, तो ठोकणार. डॉक्टरही मी असाच पारखणार. हसा काय हसायचं ते.

पहिला दवाखाना काचेचा. बाहेर पायऱ्या. मी नेहमीसारखं — "हॉर्न, पायरी. अजून एक. आता सरळ. डावीकडे. थांब." थांबला! बाकीची कुत्री पट्टे ताणून धिंगाणा घालत होती आणि आमचं हे ध्यान शिस्तीत उभं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "किती छान शिकवलंय हो!" मग! माझ्या हाताखालून गेलेला एकमेव विद्यार्थी, जो सांगितलेलं ऐकतो. बाकीच्यांना डावीकडे म्हटलं की वायपर लावतात.

डॉक्टर मात्र कॉम्प्युटरचा. नाव विचारलं कॉम्प्युटरकडे बघून, वय विचारलं कॉम्प्युटरकडे बघून. रक्त काढलं, रिपोर्ट छान आला. "वयानुसार चिडचिड होते. शांत राहण्याची गोळी देतो." कुत्र्याकडे बघितलं ते आम्ही निघताना, तेही दार लागेल म्हणून.

आरसा नाही बघितला. पण गोळ्या आणल्यात. देऊन बघते.

७ मार्च, गुरुवार

गोळ्या कचऱ्यात टाकल्या. शांत कसला, दारुड्यासारखा झोकांड्या खात होता. असला मुडदा करून ठेवायला मी डॉक्टर शोधत नाहीये.

८ मार्च, शुक्रवार

दुसरा डॉक्टर. लेकीने शोधलेला, "खात्रीचा" म्हणे. लेक आणि हे दोघंही बरोबर आले. म्हणजे मला पहारा!

ह्या बाबाने चावल्याचं ऐकल्याबरोबर खुर्ची मागे घेतली. मुसकं बांधायला लावलं. मग टेबलाच्या पलीकडून — हो, पलीकडून! — न बोलता एकदम काठीने हॉर्नच्या मागच्या पायाला डिवचलं. हॉर्न गुरगुरला. "बघितलंत? वृत्तीच बदललीय. लहान मूल येतं का घरी?" येतं. आमची नात. लगेच लेकीचा चेहरा उतरला. "मग मी सांगतो ते ऐका. पुढच्या वेळी हातावर भागणार नाही. झोपवून टाका. त्यालाही त्रास नाही, तुम्हालाही नाही."

झोपवून टाका! म्हणजे इंजेक्शन देऊन मारून टाका. पंखा बंद करा म्हणावं तसं म्हणाला.

मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्हाला कुणी मागून काठीने टोचलं तर तुम्ही काय, नमस्कार कराल?" लेक म्हणाली, "आई, प्लीज!" आणि हे — आमचे मौनीबाबा — त्या माणसाला म्हणाले, "पुढच्या शनिवारी."

तारीख देऊन मोकळे! मला विचारलं नाही, माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झालाय. लिहिताना अक्षरं कागदात घुसतायत.

शनिवारी म्हणे. माझ्या अंगावरून न्या मग!

१० मार्च, रविवार

लेक आली, नातीला न आणता. मुद्दाम. सोफ्यावर बसून रडली. तिला भीती वाटते आणि ती खोटी नाही, हे मला कळतं. आईच आहे ती. पण मीही कुणाची तरी कुणीतरी आहेच ना? त्या मागच्या सीटवरच्याची!

"त्याचे डोळे बघ गं, कसे काचेसारखे चमकतात. पूर्वी असे नव्हते." आणि म्हणे तिने घेऊन दिलेला हा नवा सोफा त्याला खुपतो, आला तेव्हापासून मुद्दाम धडका मारतो. मी म्हटलं, सोफा मलाही खुपतो, मीही मारीन एखादी. त्याची खिडकीखालची जागा गेली त्यात. म्हणून तर बिचारा पॅसेजमध्ये झोपतो, आणि तिथेच ह्यांना दोन्ही वेळा चावला.

"आई, बाबांचा हात बघितलास ना?"

बघितला. रोज पट्टी मीच बदलते. हे हूं म्हणत नाहीत. पट्टी बदलताना पॅसेजकडे बघत बसतात. एवढा राग धरावा मुक्या जनावरावर?

११ मार्च, सोमवार

सकाळच्या बॅचला बेकरीवाली होती. ब्रेक आणि क्लच यांत अजून गल्लत करते, पण मनाने चांगली. मागची सीट रिकामी बघून विचारलं. सांगितलं सगळं. म्हणाली, टायरच्या दुकानामागे एक बाई आहेत, त्यांना दाखवा, तोंडाने फटकळ आहेत पण तिचं मांजर त्यांनीच वाचवलं.

गेले तडक, दुपारीच. एक खोली. टेबल भिंतीला सरकवलेलं. डॉक्टरीणबाई किडमिडीत, केसांत पेन खोचलेलं, आणि बसल्या होत्या कुठे — जमिनीवर! म्हटलं, वा. मी आपलं सुरू केलं, "हॉर्न, उंबरा आहे. सरळ. समोर डॉक्टर आहेत. बस." बसला. बाई काहीच करेनात. हात नाही, सुई नाही. नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मी सगळी हकीगत सांगितली, त्या काचवाल्याची, त्या काठीवाल्याची, शनिवारची.

मध्येच म्हणाल्या, "तो चालताना तुम्ही नेहमी सांगता त्याला? पायरी, डावीकडे?"

"मग! ट्रेनिंग आहे त्याचं."

"आता दोन मिनिटं गप्प बसता का? अजिबात बोलू नका."

मला! गप्प बसा! मी म्हटलं, "बाई, माझ्या बोलण्यावर माझं घर चालतं."

"घर चालत असेल. मला कुत्रा चालतो का ते बघायचंय."

असला पाणउतारा! शिकाऊ पोराला सांगावं तसं! उठलेच. "हॉर्न, ऊठ. मागे वळ. उंबरा. चल." मागून म्हणतात कशा, "राग उतरला की या." राग उतरायला मी काय ताप आहे?

नाही जाणार. तीन बघितले, तिन्ही गेले खड्ड्यात. चौथा शोधीन. पण शनिवार जवळ येतोय.

१२ मार्च, मंगळवार

हद्द झाली! जेवताना ह्यांना सांगितलं, ती टायरमागची बाई मला गप्प बसा म्हणाली. इतक्या दिवसांत चकार शब्द न काढणारा हा माणूस पाणी पिऊन म्हणतो, "बरोबर बोलली."

बरोबर बोलली!

ठीक आहे. उद्यापासून अबोला. बाहेर पोटापुरतं बोलेन, घरात एक अक्षर नाही. ना ह्यांच्याशी, ना लेकीशी, ना भिंतीशी. मीही मिठाची गुळणी धरून बसते. बघू या कसं चालतं घर!

१३ मार्च, बुधवार

अबोला. ह्यांच्या लक्षातही आलेलं नाही. उलट दोन पुस्तकं संपवली.

हॉर्न मात्र बिथरलाय. सकाळी नेहमीच्या जागी भांडं ठेवलं, न बोलता. आला नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मान इकडेतिकडे करत होता. मग एक पाय पुढे, पुन्हा मागे. फिरायला निघालो तर पहिल्या पायरीवर धडपडला. रुसलाय माझ्यावर, दुसरं काय. मी गप्प म्हणून!

तुझ्यासाठीच चाललंय रे हे सगळं, असं म्हणावंसं वाटलं. पण अबोला म्हणजे अबोला.

१४ मार्च, गुरुवार



दुपारी मी लादी पुसायला खुर्ची पॅसेजच्या मध्ये ओढून ठेवली होती. हॉर्न तिकडून आला. मी इकडे, गप्प. तो सरळ चालत आला आणि थाडकन खुर्चीवर आदळला. दिवसाढवळ्या! मागे सरकला, वास घेतला, पुन्हा पुढे आला आणि पुन्हा आदळला.

मी बादली सोडून उठले. आवाज न करता त्याच्यासमोर जाऊन बसले. तोंडापुढे हात हलवला. पापणी हलली नाही. बोट अगदी डोळ्याजवळ नेलं. काही नाही. ते चमकणारे डोळे माझ्या खांद्यावरून कुठेतरी पलीकडे बघत होते. बघत कुठले!

मग मी बोलले. "हॉर्न." एवढंच. शेपूट अशी हलली! "उजवीकडे ये. खुर्ची आहे. हळू." आला की हो, खुर्चीला वळसा घालून आला आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवलं.

म्हणजे ही शिस्त नव्हती. तो ऐकून चालत होता. पायरी म्हटलं की पायरी, थांब म्हटलं की थांब — मी गाडी शिकवावी तसं दिवसभर बोलत होते आणि माझ्या आवाजावर हा चालत होता. किती दिवस, देव जाणे. मी जगाला सांगत फिरले, बघा माझा विद्यार्थी! आणि विद्यार्थ्याला रस्ताच दिसत नव्हता.

लादीवर बसून खूप रडले. हे आले दारात, न विचारता तसेच उभे राहिले. मी म्हटलं, "आंधळा झालाय हो तो." अबोला मोडला. मोडू दे. हे भिंतीला धरून खाली बसले.

आणि ती बाई! ती एकटीच सबंध वेळ त्याच्याकडे बघत होती. आरसा तिनेच बघितला होता, आणि मी गाडीतून उतरून निघून आले!

१५ मार्च, शुक्रवार

गेले. हेही आले, स्वतःहून. मी दारातूनच म्हटलं, "आले मी. राग उतरलेला नाही, पण आले." बाई म्हणाल्या, "बसा." टोमणा नाही, काही नाही. हा एक गुण!

मला गप्प बसवलं. बसले. बाईंनी त्याच्या नाकासमोर कापसाचा बोळा वरून सोडला. दिसणाऱ्या कुत्र्याची मान बोळ्याबरोबर खाली जाते म्हणे. हॉर्नची हलली नाही. मग दिवा घेऊन कितीतरी वेळ डोळ्यांत बघितलं. "आतला पडदा गेलाय. हळूहळू गेला असणार, म्हणून कळलं नाही. दुखत नाही त्याला. पण परत येणार नाही."

"ऑपरेशन?"

"नाही."

"थेंब, गोळ्या, काही?"

"नाही."

"मग तुम्ही करता काय?"

"खरं सांगते," म्हणाल्या.

आवडली मला. फटकळ आहे, पण आवडली.

मग त्यांनी ह्यांच्या पट्टीकडे बघितलं. "काका, त्याच्याजवळ जाताना तुम्ही काय म्हणता?"

"काही नाही."

"घरात पायात काय घालता?"

"कापडी सपाता."

वाचनालयातली सवय. पावलाचा आवाज नाही, तोंडाचा नाही. अंधारात झोपलेल्यावर अचानक कुणाचा तरी हात! चावणार नाही तर काय करेल? बाई हे सगळं समजावत होत्या आणि हे भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मी रोज त्याचा कान खाजवायचो. दुपारी, ही क्लासला गेली की. त्याला आवडायचं." मग म्हणाले, "मला वाटलं, मी त्याला नकोसा झालो. मलाच ओळखेना."

ह्यांच्या तोंडून एवढी वाक्यं एका दमात मी ऐकली नव्हती. आणि तो कान! मला पत्ताच नव्हता. मी म्हणत होते, राग धरलाय. राग कसला, जिव्हारी लागलं होतं माणसाच्या.

निघताना बाई म्हणाल्या, "सोफा उचला, जुन्या जागी सगळं ठेवा. नातीला त्याच्याजवळ एकटं सोडायचं नाही, हे मात्र कडक. आणि हात लावण्याआधी बोलायचं. ह्या घरात आता कुणी गप्प बसायचं नाही."

"ऐकलंत?" मी म्हटलं. दवाखान्याबाहेर टायरवाल्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं. जन्मभर ह्या तोंडाला नावं ठेवली ना सगळ्यांनी? ह्याच तोंडाने एक आंधळा कुत्रा चालवला! कुणालाही कळू न देता. मला स्वतःलाही!

१६ मार्च, शनिवार

काठीवाल्याच्या दवाखान्यातून फोन. "येताय ना?" म्हटलं, "नाही. आणि तुमच्या डॉक्टरांना सांगा, कुत्रा आंधळा आहे, ते डोळस असून त्यांना दिसलं नाही." ठेवला फोन. काय बरं वाटलं!

१८ मार्च, सोमवार

सोफा लेकीकडे परत. तिने नाक मुरडलं, मग हॉर्नसमोर बसून "मी आहे रे, मी" म्हणाली आणि रडली पुन्हा. रडूबाई. नातीला नियम शिकवलाय: आधी आवाज, मग हात, आणि जवळ मोठं माणूस. ती लांबूनच किंचाळते, "मी आलेऽऽ!" सगळ्या इमारतीला कळतं.

हॉर्न पुन्हा मागच्या सीटवर. बेकरीवालीला मी डावीकडे म्हणाले की हाही डावीकडे झुकतो. तिच्याआधी.

आणि हे! ह्यांनी सपाता टाकून टणक तळाच्या चपला आणल्या. बाईंनी सांगितलेलं तंतोतंत पाळतात. पॅसेजच्या टोकापासून सुरुवात — "मी आहे रे. मागून येतोय. हात लावतोय." पहिल्या दिवशी आवाज फुटेना, घोगरा यायचा, वापरात नसलेल्या नळासारखा. आता बरा निघतो. मग तो कान. बराच वेळ.

पहिल्यांदा हात लावला तेव्हा पट्टीचाच हात पुढे केला. मी दारात उभी. हॉर्नने पट्टी हुंगली आणि चाटायला लागला. हे म्हणाले, "असू दे रे. असू दे." मी आत निघून गेले. काही गोष्टी बघत उभं राहणं बरं नाही.

कबूल करायला काय जातंय — थोडा हेवा वाटला कुत्र्याचा. लिहून टाकलं. झालं.

२४ मार्च, रविवार

संध्याकाळी मी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते, दाराकडे पाठ. मागून ह्यांचा आवाज आला. "मी आहे गं. मागून येतोय. हात लावतोय."

आणि खांद्यावर हात.

हॉर्न लेकीबरोबर फिरायला गेला होता. ह्यांनीच त्या दोघांना जिन्यापर्यंत पोचवलं होतं. घरात मी एकटीच होते.

काही बोलले नाही मी. बोलताच आलं नाही.